हृदयाच्या संप्रेरकाची कुळकथा

रक्तदाब चढला की सोसायचे हृदयाने, ही समजूत जुनी आहे. पण दाब ठरवण्यात हृदयाचाही वाटा असतो, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा जनुकांत सापडतो. गोष्ट मात्र त्याआधीच सुरू होते. १९५६ साली ब्रूनो किश यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गिनीपिगच्या अलिंदांत, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, गडद कण दिसले. त्याच वर्षी हेन्री आणि पिअर्स यांनी कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवला, तर लघवीचे प्रमाण वाढले. हे दोन धागे जुळायला १९८१ उजाडले. कॅनडातील अडोल्फो डी बोल्ड यांनी अलिंदांचा अर्क उंदरांना टोचला आणि काही मिनिटांतच त्यांच्या मूत्रातून मीठ भराभर बाहेर पडू लागले, रक्तदाबही उतरला. अर्कातले ते संप्रेरक २८ अमिनो आम्लांची साखळी निघाले. त्याचे नाव एएनपी. हृदयात रक्त जास्त साठले, अलिंद ताणले गेले, की ते स्रवते.

इथेच पेच पडतो. हृदयावरचा ताण वाढला की हे संप्रेरकही वाढते, म्हणून आजारी माणसाच्या रक्तात ते जास्त आढळते. मग ते दाब उतरवते असे कशावरून म्हणायचे? नुसती रक्ततपासणी याचे उत्तर देऊ शकत नाही, जनुक देऊ शकते, कारण ते गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि पुढच्या आजाराने बदलत नाही. २००९ साली सुमारे तीस हजार लोकांच्या अभ्यासात दिसले की एएनपीच्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’ऐवजी ‘जी’ हे अक्षर असणाऱ्यांत संप्रेरक जास्त आणि दाब कमी असतो. हा शेजारच्या एखाद्या जनुकाचा प्रताप असेल, ही शंका रास्त होती. २०१३ साली तिला उत्तर मिळाले: मायक्रोआरएनए-४२५ नावाचा छोटा रेणू ‘ए’ असलेल्या जनुकाच्या संदेशाला चिकटून संप्रेरकाची निर्मिती दाबतो, ‘जी’ असेल तर त्याची पकड बसत नाही. त्याआधी १९९५ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा दाब चढलेला आढळला होताच.

रक्तदाबातला फरक अवघा एक-दीड मिलिमीटर पाऱ्याचा, मग त्याचे मोल काय, असेही कोणी विचारील. एका माणसाच्या तपासणीत तो जाणवणारही नाही. पण तो जन्मभर सोबत असतो, आणि २००९च्या त्या अभ्यासात ‘जी’ असणाऱ्यांत उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १५ टक्क्यांनी कमी आढळली. शिवाय एका अक्षराचा परिणाम लहान असला, तरी त्याने दाखवलेली वाट मोठी आहे: मीठ किती ठेवायचे आणि किती टाकायचे, याबद्दल मूत्रपिंडाला सांगणाऱ्यांत हृदयही आहे, आणि त्याचा आवाज किती मोठा असावा हे काही अंशी वारशानेच ठरते.