बालस्थूलता प्रतिबंध (धाराशिव जिल्हा)

वय व उंचीच्या मानाने मुलाच्या शरीरात जादा चरबी साठणे म्हणजे बालस्थूलता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील १.९ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ४.१ टक्क्यांवर गेले. धाराशिव हा आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिल्याने केंद्राने विशेष लक्षासाठी निवडलेला जिल्हा. कुपोषणाच्या काळजीत वाढत्या वजनाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका येथे खरा आहे. ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी हा इथला जुना आहार. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाजवळच्या दुकानातून घेतलेली पाच रुपयांची खारट, तेलकट पुडी त्याची जागा घेते.

राज्य शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला बंदी केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ती फाटकापासून ५० मीटरपर्यंत वाढवली. दुकानदार, ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती एकत्र आल्याशिवाय हे अंतर कागदावरच राहते. शाळेत मिळणाऱ्या पोषण आहारात प्राथमिक वर्गांना ४५० व उच्च प्राथमिक वर्गांना ७०० कॅलरींचे जेवण ठरलेले आहे. शाळेच्या परसबागेतील मेथी, शेवगा याच जेवणाच्या पातेल्यात पडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येऊन मुलांची उंची व वजन मोजतात. ही नोंद पालकांना समजावून सांगणे तितकेच आवश्यक असते, कारण गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल, अशी समजूत घरोघरी आढळते.