मणिकर्णिकेची पारख

काशीच्या मणिकर्णिका घाटावर चितेचा अग्नी रात्रंदिवस धगधगत असतो. कर्णभूषणातील मणी येथील कुंडात पडला, म्हणून या स्थळास मणिकर्णिका हे नाव मिळाले, अशी पुराणकथा आहे. मराठ्यांचा या घाटाशी संबंध जुना असून, अठराव्या शतकात त्याच्या बांधणीस अहिल्याबाई होळकरांचा हातभार लागला होता. मात्र यात्रेकरूचे लक्ष सहसा जात नाही अशी एक गोष्ट येथे आहे. ती म्हणजे लाकडाचा बाजार. ओंडक्यांच्या उंच राशी, शेजारी मोठाले तराजू, आणि लाकडाच्या जातीप्रमाणे व वजनाप्रमाणे ठरणारा दर. विकणारा रोज विकतो. घेणारा आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच घेतो, आणि तोही शोकाने व्याकूळ झालेला असतो. लाकूड किती वाळलेले आहे आणि तराजू कितपत खरा आहे, हे एकाला ठाऊक असते, दुसऱ्याला नसते.

ज्ञानाची ही विषमता हेच कित्येक बाजारांचे मर्म होय. जुन्या वाहनांचा बाजार तर मुख्यतः तिच्यावरच चालतो. आज हे वाहन चार मीटरांच्या आतली आटोपशीर एसयूव्ही असेल. दीडशे वर्षांपूर्वी ते घोडा होते. पण घेणाऱ्यापुढचा प्रश्न तोच आहे. जे दिसते त्यावरून जे दिसत नाही ते कसे ओळखावे?

या घाटाचे नाव धारण करणारी एक मराठी मुलगी अशाच बाजारातील असामान्य पारखी म्हणून पुढे नावाजली गेली. मोरोपंत तांबे यांची ही कन्या काशीस जन्मली, म्हणून तिचे नाव मणिकर्णिका. ती ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाखाली वाढली आणि विवाहानंतर झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५८ च्या धामधुमीत झाशीस होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात राणीच्या अश्वपरीक्षेची ख्याती नमूद आहे. त्या संबंधीची हकीकत अशी की, एक सौदागर दोन उमदे घोडे घेऊन आला. दोन्ही दिसावयास सारखेच देखणे. राणीने दोहोंवर बसून त्यांना मंडळावर फिरविले आणि एकाची किंमत हजाराच्या घरात सांगितली, तर दुसऱ्याची अवघी ५० रुपये. दुसऱ्या घोड्याच्या छातीस इजा झालेली आहे, हे तिने ओळखले होते. सौदागराने ते कबूल केले.

घोडे दोन, रूप एक, आणि किमतीत वीसपटीचे अंतर. हे अंतर सौदागरास आधीच ठाऊक होते. राणीच्या जागी दुसरा कोणी गिऱ्हाईक असता, तर त्याने दोहोंसाठी मधलीच एखादी किंमत देऊ केली असती. मग काय झाले असते? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात याच प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्यांनी उदाहरण घेतले ते जुन्या मोटारगाड्यांचे. अमेरिकेत खोड असलेल्या गाडीला बोलभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. चांगली गाडी कोणती आणि लिंबू कोणते हे ग्राहकास कळत नसेल, तर तो सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या गाडीच्या मालकास ती परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. मागे राहतात त्यांत वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, ग्राहक आणखी कमी देऊ करतो, आणि उरलेल्यांतले बरे तेही माघार घेतात. अप्रामाणिक विक्रेता केवळ ग्राहकासच लुबाडतो असे नव्हे. प्रामाणिक विक्रेत्याचेही तो नुकसान करतो. या विषयावरील कार्याबद्दल २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अकरलॉफ यांना स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह मिळाले.

सिद्धान्त नवा असला तरी दुखणे जुने होते, आणि राज्यकर्त्यांनी त्यावर उपायही जुन्या काळापासून शोधले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाने प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण, खुणा आणि तो कोठून आला याची नोंद ठेवावी असे सांगितले आहे. विकावयास आलेले घोडे आणि विकत घेतलेले घोडे यांची वर्गवारीही तेथे निराळी आहे. दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांच्या प्रती ठरवून त्यांचे भाव बांधून दिले. बरनीच्या इतिहासाप्रमाणे पहिल्या प्रतीस १०० ते १२० टंके, दुसरीस ८० ते ९०, तिसरीस ६५ ते ७०, आणि तट्टूस १० ते २५. भाव चढविणाऱ्या दलालांना त्याने कठोर शिक्षा केल्या. सैन्यातील घोडा बदलून हलका घोडा हजेरीस उभा करू नये, म्हणून घोड्यास डाग देण्याची रीत त्याने कडकपणे अंमलात आणली. अकबरानेही पुढे तीच चालविली.

सामान्य गिऱ्हाइकाजवळ मात्र असे दफ्तर नसे. त्याचे दफ्तर म्हणजे घोड्याचे तोंड. पाचव्या वर्षाच्या सुमारास घोड्याचे पक्के दात पुरे होतात. पुढे खालच्या दातांवरील खळगे झिजत जातात, आणि त्यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. म्हणून लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत खोटे खळगे कोरून ते काळे करीत. आजच्या गाडीतील किलोमीटर दर्शविणारा आकडा मागे फिरविणारा त्यांचाच वंशज होय. यावर तोड एकच, आणि तीही जुनीच: एका खुणेवर न विसंबता ती दुसरीशी ताडून पाहणे. आकडा ३०,००० किलोमीटर सांगतो आणि ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर गुळगुळीत झाले आहे, तर दोहोंपैकी एक खोटे बोलत आहे. देखभालीच्या प्रत्येक पावतीवर तारीख आणि किलोमीटर असतात; त्या क्रमाने लावल्या की गाडीचे खरे वय आपोआप बोलू लागते.

कौटिल्याच्या अश्वाध्यक्षाचे दफ्तर आज परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत दिसते. गाडीची नोंदणी केव्हा झाली, कितवा मालक आहे, कर्जाचा बोजा आहे काय, विमा कोठवर चालू आहे, हे नोंदणीच्या कागदांवरून कळू शकते. इंजिन व चासी यांवर कोरलेले क्रमांक ही आजची डागाची खूण. ते कागदावरील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार, गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवावे लागते. हा नुसता उपचार नव्हे. नोंदवहीत ज्याचे नाव राहिले तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक कित्येक हातांत गेली होती. नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर होती.

राहता राहिला भावाचा प्रश्न. विमाव्यवहारात रूढ असलेल्या तक्त्याप्रमाणे गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्क्यांनी, वर्षाअखेरपर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्क्यांनी घटलेली धरतात. दहा लाखांची गाडी पाचव्या वर्षी या हिशेबाने पाच लाखांची होते. परंतु बाजार हा तक्ता पाळतोच असे नाही. एकाच सालच्या एकाच जातीच्या आटोपशीर एसयूव्हीचे भाव इंधन, गिअरची रचना, झालेले किलोमीटर आणि मालकांची संख्या यांप्रमाणे वेगवेगळे असतात. म्हणून तुलना करावयाची ती सारख्याची सारख्याशी. शिवाय जाहिरातीत छापलेला आकडा ही विक्रेत्याची मागणी असते. सौदा तुटला तो आकडा निराळा असतो आणि बहुधा कोठेच छापला जात नाही. शंभर मागण्यांची सरासरी काढली तरी ती मागणीचीच सरासरी राहते. पूर्वी पंचकल्याणी घोड्यास चढा भाव येई आणि अशुभ मानलेल्या भोवऱ्याने उमदा घोडाही स्वस्त होई. आजही रंगाच्या आवडीने भाव हलतो, इंजिनाची ताकद मात्र हलत नाही.

तक्ता आणि सरासरी यांचे मोल कमी नाही. फसवणुकीच्या सीमा त्यांनी आखल्या जातात. परंतु झाशीच्या त्या दोन घोड्यांचे वय आणि रूप एकच असते, तर तक्त्याने दोहोंची किंमत एकच सांगितली असती. छातीची दुखापत घोड्यावर बसल्यावरच कळली. जुनी गाडीही थंड इंजिनाने सुरू करून, चढावर, खड्ड्यात आणि मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी, परक्या जाणत्या कारागिराकडून उचलून खालून तपासून घ्यावी, आणि विक्रेता यास नकार देत असेल तर तो नकार हीच सर्वांत महत्त्वाची माहिती समजावी.

या पारखीचे मोल राणीच्या अखेरच्या दिवसाने दाखविले. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या रणांगणावर तिच्याजवळ नेहमीचा घोडा नव्हता. नवा घोडा एका नाल्याशी येऊन अडला, तो उडी घेईना, आणि तेवढ्यात पाठलाग करणारे स्वार येऊन भिडले, असे चरित्रकार सांगतात. दोन घोड्यांतला भेद एका फेरीत सांगणाऱ्या मणिकर्णिकेला त्या घोड्याची ती एक फेरी घेण्यास वेळ मिळाला नव्हता.