तळटीप ७ : ‘डॉक्टर नो’चा खेळ

येथे अभिप्रेत असलेला ‘डॉक्टर नो’ म्हणजे इयान फ्लेमिंगची १९५८ ची कादंबरी किंवा १९६२ चा चित्रपट नव्हे. ‘जेम्स बाँड ००७’ हा संवादातून आणि फाशांवर खेळायचा भूमिका-खेळ अमेरिकेतील व्हिक्टरी गेम्सने १९८३ मध्ये काढला. त्यासाठी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही तयार साहसकथा. अशा पुस्तिकेत ठिकाणे, खलपात्रे आणि धागेदोरे दिलेले असतात. ती फक्त खेळ चालवणाऱ्याने वाचायची. हेर झालेल्या खेळाडूंनी शोध घ्यायचा.

अडचण अशी की, चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला. म्हणून या मालिकेतील साहसांत कथानकाचे तपशील मुद्दाम बदलले जात. पडद्यावरची युक्ती आठवून तशीच वापरू पाहणारा हमखास फसे. बाँडकथांतील ‘स्पेक्टर’ ही खलसंघटनाही खेळात नाही. तिच्या जागी ‘टॅरॉट’ येते. कारण कायदेशीर होते : ‘स्पेक्टर’ जिच्यात येते त्या ‘थंडरबॉल’ कादंबरीवरून, तिच्यामागच्या पटकथेतील सहकारी केव्हिन मॅक्क्लोरी यांनी फ्लेमिंगवर दावा लावला, १९६३ मध्ये तडजोड झाली, आणि ‘स्पेक्टर’च्या हक्कांचा वाद पुढे २०१३ पर्यंत रेंगाळला.

पुढील परिच्छेदातील ‘हीरो पॉइंट’ म्हणजे खेळाडूची राखीव पुंजी. फाशांचे दान उत्कृष्ट पडले की ती मिळते. प्रसंगी खर्च करून फसलेली उडीही साधता येते. बाँड सहसा मरत का नाही, याचे नियमांत बसवलेले हे उत्तर होय. – संपा.