पाण्याची चाल आणि पोरांची चुळबुळ

मंडळी, आम्हा बोईसरकरांना 'न्यूक्लिअर' शब्दाची भीती वाटत नाही. १९६९ पासून तारापूरची अणुभट्टी शेजारी आहे. बाकी जग मात्र दचकतं, म्हणूनच दवाखान्यात शिरताना 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स'मधलं न्यूक्लिअर गळलं आणि एमआरआय असं सोज्वळ नाव उरलं. खरं तर यात किरणोत्सर्ग नसतोच. अणुकेंद्र म्हणजे इथे अंगातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचं!

या विकांताला डिफ्यूजन एमआरआयवर वाचत बसलो, कारण घरचंच. भाचा जन्मला तेव्हा उशिरा रडला. मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल तर पेशी फुगतात, पाण्याच्या रेणूंचं भटकणं अडखळतं आणि तेच या स्कॅनवर दिसतं. पण आठवडाभरात ती खूण पुसट होते. इजा बरी झाली म्हणून नाही, मोजमाप तात्पुरतं नॉर्मलसारखं दिसायला लागतं म्हणून. म्हणजे घाई. पहिल्या वेळी पठ्ठ्याने मान हलवली आणि स्कॅन वाया. दुसऱ्या दिवशी ताईने त्याला पोटभर पाजलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि झोपेतच काम झालं.

आता इतिहास. १९५० मध्ये अर्विन हानला 'स्पिन एको' सापडला. रेणू भटकतात म्हणून हा प्रतिध्वनी क्षीण होतो, हेही त्याच्या लक्षात आलं. तेव्हा ती कटकट होती. १९६५ मध्ये स्टेज्स्कल आणि टॅनर यांनी त्याच कटकटीचं मोजमाप केलं. एका चुंबकीय ठोक्याने रेणूवर खूण करायची, दुसऱ्याने पुसायची. जागेवर असलेल्याची पूर्ण पुसली जाते, सरकलेल्याची नाही. ऐंशीच्या दशकात डेनिस ल बिहान यांनी हे मेंदूच्या चित्रांत आणलं. वेग दिला तो पीटर मॅन्सफिल्डच्या १९७७ च्या ईपीआय पद्धतीने. पापणी लवेपर्यंत एक काप तयार!

पण या वेगाची किंमत आहे, आणि इथे मुंबईचा धागा येतो. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी दाखवलं की अल्कोहोलमधला हायड्रोजन एक नाही, तीन सूर लावतो. शेजारी कोण, त्यावर सूर ठरतो. हे एस. एस. धर्मट्टी पुढे भाभांच्या टीआयएफआरमध्ये आले आणि तिथे हा विषय उभा केला. (भाभा नसते तर आमचं तारापूरही नसतं. असो.) पाणी आणि चरबी यांच्या सुरांत असाच दशलक्षात साडेतीनचा फरक असतो. दीड टेस्लाच्या मशीनवर तो सुमारे २२० हर्ट्झ भरतो. ईपीआयमध्ये एका दिशेला पिक्सेलमागे साधारण २० हर्ट्झ धरले, तर टाळूखालची चरबी ११ पिक्सेल सरकून थेट मेंदूवर येऊन बसते. म्हणून आधी चरबीचा आवाज दाबावा लागतो.

कानाजवळच्या हवेमुळे चित्र ताणलं जातं. त्यावर उपाय म्हणजे उलटसुलट दिशांनी दोनदा काढून मधलं खरं चित्र गणिताने शोधणं. उरतं पोरांचं हलणं. लंडनच्या 'डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम' प्रकल्पात नवजात बाळांना भूल न देता, नैसर्गिक झोपेत स्कॅन केलं. डोक्याच्या मापाची खास कॉइल, वीसेक मिनिटांत ३०० चित्रसंच. प्रत्येक काप कुठे सरकला ते सॉफ्टवेअर शोधतं, बिघडलेला काप टाकून देतं आणि बाकीच्या संचांतल्या त्याच जागेवरून त्याचा अंदाज बांधतं. आमच्या भाषेत, चक्क एरर हँडलिंग.

मला आधी हे खोटं चित्र रंगवण्यासारखं वाटलं. पण शेजारचा काप ताणून इथे चिकटवलेला नसतो. त्याच जागेची इतर दिशांतली मोजमापं हाताशी असतात. अर्थात त्यासाठी मुळात दिशा भरपूर हव्यात. दवाखान्यातला झटपट स्कॅन बहुधा तीनच दिशांचा असतो. त्यात बाळ हललं तर भरून काढायला मागे काहीच उरत नाही, स्कॅन परत करावा लागतो.