तंबूवाले अब्दुलअली

आपल्या चित्रपटसृष्टीच्या इतिहासात निर्मात्यांची, दिग्दर्शकांची आणि नटनटींची चरित्रे जितक्या आस्थेने लिहिली गेली, तितक्या आस्थेने त्या चित्रांना छप्पर, बैठक आणि प्रेक्षक मिळवून देणाऱ्या थिएटरमालकांची कारकीर्द कोणी लिहिली नाही, ही मला मोठी उणीव वाटते. कारण हा धंदा या देशात प्रथम उभा राहिला तो चित्रे दाखविणाऱ्यांच्या गल्ल्यावर, आणि चित्रे काढण्याचे धाडस पुष्कळदा त्याच गल्ल्याच्या आधाराने झाले. अशा मंडळींत अब्दुलअली युसुफअली यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

१८८४ साली सुरतेस जन्मलेल्या या गृहस्थांनी १९०१ मध्ये, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, सिंगापुरात बायोस्कोपचे खेळ सुरू केले आणि पुढे १९०७ पर्यंत सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, सिलोन हा सारा मुलूख पालथा घातला. त्यांचा तंबू १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद असून चार खांबांवर उभा राही व त्यात हजार माणूस सहज मावे. एका खेळात चाळीस-पन्नास चित्रे असत; प्रहसने, प्रवासदृश्ये, क्रीडासामने असा तो संमिश्र सरंजाम असे. परंतु आरंभी लोकांची रीघ लागली ती लंडनहून आणविलेल्या दोन चिमुकल्या वार्तापटांमुळे. एकात व्हिक्टोरिया राणीची अंत्ययात्रा होती, दुसऱ्यात बोअर युद्ध. जेमतेम दोनशे-तीनशे फुटांच्या, म्हणजे पाचेक मिनिटांत संपणाऱ्या त्या फिती; पण ज्यांची नावे आजवर केवळ वर्तमानपत्रांत वाचली, ते सेनानी प्रत्यक्ष हालताचालताना पाहून माणसे थरारून जात. कानावर आलेले डोळ्यांनी पाहण्याची मनुष्याची ही अनावर इच्छा ज्याने इतक्या कोवळ्या वयात ओळखली, त्याच्या व्यापारी बुद्धीविषयी निराळे प्रमाण कशाला हवे?

ही भटकंती हौसेची नव्हती. त्या काळी फिती फुटाच्या दराने कायमच्या विकत घ्याव्या लागत. सारे भांडवल त्यांत अडकून पडे, आणि एका गावाने तीच चित्रे दोनदा-तीनदा पाहिली की मुक्काम हलविण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे फिती भाड्याने मिळू लागल्या, दर आठवड्यास नवे चित्र आणणे परवडू लागले, आणि मगच दगडविटांच्या थिएटरात पैसा गुंतविणे शहाणपणाचे ठरले. १९०८ पासून हिंदुस्थानात तंबू फिरविल्यानंतर अब्दुलअलींनी १९१४ साली अर्देशीर इराणी यांच्या भागीदारीत मुंबईचे अलेक्झांड्रा थिएटर ताब्यात घेतले, ते नेमके या संधिकाळात. आदल्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला होता. त्याच गिरगावात या दोघांनी १९१८ मध्ये मॅजेस्टिक बांधले.

पुढे १९२६ मध्ये इराणींनी इम्पीरियल फिल्म कंपनी काढली, तीतही अब्दुलअलींची भागीदारी होती. तिचा ‘आलम आरा’ हा पहिला हिंदुस्थानी बोलपट तयार होत असता जवळून आगगाड्या जात, म्हणून ध्वनिमुद्रण रात्री उशिरा करावे लागे; त्या कष्टांचे वर्णन सर्वत्र आढळते. पण असले अपरिचित साहस ज्या पडद्यावर निःशंकपणे लावता आले, तो पडदा घरचा होता, ही गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकवर हा बोलपट लागला तेव्हा गर्दीच्या बंदोबस्तास पोलीस बोलवावे लागले, आणि चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांस विकले गेले. वर्ष पुरे होण्याच्या आत, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रभात कंपनीचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ याच मॅजेस्टिकमध्ये झळकला, आणि गिरगावकरांनी आपली मराठी पडद्यावरून ऐकली.

अब्दुलअली १९५७ साली वारले. ज्या व्यवसायात भागीदाऱ्या एकेका चित्रापुरत्या जुळत आणि त्याच्या अपयशाबरोबर मोडत, त्या व्यवसायात इराणींशी त्यांनी जोडलेली भागीदारी सुमारे चाळीस वर्षे अभंग राहिली.