वैद्यकीय शिस्तभंग चौकशीतील पक्षपाताची आशंका

डॉक्टरवरील गैरवर्तनाच्या तक्रारीचा निवाडा करणारा सदस्य एका बाजूला झुकलेला असावा, असे समंजस पक्षकाराला सकारण वाटावे अशी परिस्थिती. पक्षपात प्रत्यक्षात झाला हे सिद्ध करावे लागत नाही. तशी रास्त भीती वाटण्याजोगे कारण दाखवले की पुरते. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांत हा नियम मोडतो.

इतिहास : या नियमाचा एक जुना दाखला डॉक्टरांच्याच शिस्तीचा आहे. लंडनच्या वैद्यक महाविद्यालयाने टॉमस बोनहॅम यांना विनापरवाना व्यवसायाबद्दल दंड करून कोठडीत टाकले. दंडाची निम्मी रक्कम महाविद्यालयालाच मिळत असल्याने त्याला न्यायनिवाडा करता येणार नाही, असे न्यायाधीश कोक यांनी १६१० मध्ये म्हटले. पुढे लीसन प्रकरणात (१८८९) तक्रारदार संघटनेचे केवळ सभासद असलेले दोघे चौकशीत बसले, तरी निर्णय बहुमताने कायम राहिला.

महाराष्ट्रातील यंत्रणा : विदर्भात पूर्वी मध्य प्रांताचा १९१६ चा वैद्यक नोंदणी कायदा होता. १९६५ च्या अधिनियमाने महाराष्ट्र वैद्यक परिषद ही राज्यभराची एकच संस्था झाली. त्यामुळे नागपूर जिल्ह्यातील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत दवाखाना चालवणाऱ्या ॲलोपॅथी डॉक्टरविरुद्धची तक्रारही मुंबईतील परिषदेकडेच जाते. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. निवाडा करणारे बहुतांशी डॉक्टरच असतात. तेवढ्याने आशंका सिद्ध होत नाही. मात्र सदस्य त्या डॉक्टरचा रुग्णालयातील भागीदार असेल, त्याने त्याच प्रकरणात आधी तज्ज्ञमत दिले असेल किंवा तो शेजारचा व्यावसायिक प्रतिस्पर्धी असेल, तर हरकतीला वजन येते.

न्यायनिर्णय : माणकलाल प्रकरणात (१९५७) वकिलाच्या चौकशी मंडळाचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्या वतीने न्यायालयात उभे राहिले होते. त्यांना ते आठवतही नसेल, असे धरूनही न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी त्यांना अपात्र ठरवले. तरीही माणकलाल यांना त्याचा लाभ मिळाला नाही : सारे ठाऊक असून ते गप्प राहिले आणि अहवाल विरोधात गेल्यावरच त्यांनी हरकत घेतली. रत्ना प्रकरणात (१९८६) मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सनदी लेखापालांच्या शिस्तपालन समितीत बसलेल्यांनी तिच्या अहवालावर निर्णय घेणाऱ्या परिषदेत बसू नये. रणजित ठाकूर प्रकरणात (१९८७) समोरच्या पक्षकाराच्या मनात काय येईल, याला महत्त्व दिले गेले.

हरकत व दाद : हरकत कारणासह, लेखी आणि कळताक्षणी नोंदवावी. सदस्याने बाजूला होणे हा पहिला उपाय. पर्यायी सदस्य कायद्याने मिळूच शकत नसेल, तर अपरिहार्यतेच्या तत्त्वाखाली चौकशी चालू राहते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३० नुसार डॉक्टरला नीतिमत्ता व नोंदणी मंडळाकडे अपील करता येते. या कलमात अपीलकर्ता म्हणून रुग्णाचा उल्लेख नाही. त्याला संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, नागपूर जिल्ह्यासाठी ती नागपूर खंडपीठापुढे. आशंका मान्य झाली तरी डॉक्टर निर्दोष ठरत नाही. सामान्यतः आदेश रद्द होऊन तक्रार वेगळ्या सदस्यांपुढे नव्याने ऐकली जाते.