प्रार्थना कशासाठी?

मंडळी, सांजवेळी दिवा लागला की घरातलं लहान पोर हात जोडतं आणि हळूच काहीतरी मागतं. पाऊस पडू दे, परीक्षेत पास होऊ दे. मागणं म्हणजेच प्रार्थना, असं आपणही पुष्कळदा धरून चालतो. ख्रिस्ती जीवनात प्रार्थनेचा हेतू काय, आणि तो मराठी मुलखात कसा रुजला, ते आज पाहू या.

शिष्यांनी विनवलं तेव्हा येशूने त्यांना एक अगदी लहानशी प्रार्थना शिकवली. तिची सुरुवात देवाला बाप म्हणून हाक मारण्याने होते. आधी देवाची इच्छा, मग स्वतःची गरज. भाकर मागायची ती आजच्यापुरती. कोठार भरून नव्हे. क्षमा मागायची, पण ज्याने आपला अपराध केला त्यालाही क्षमा करून. भावाशी वैर ठेवून ही प्रार्थना म्हणू जाल, तर जीभ अडखळेल!

क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही मागणं केलं. दुःखाचा प्याला टळावा, असं त्याला वाटत होतं. पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असंही तो म्हणाला. प्याला टळला नाही. मात्र त्याला सामोरं जाण्याचं बळ आलं. देवाला आपल्याकडे वळवणं नव्हे, तर आपण देवाकडे वळणं, हा त्या प्रार्थनेचा हेतू.

आता असं पाहा, नुसतं मागायचं तर कोणत्याही भाषेत चालेल. बाजारात आपण मोडकंतोडकं बोलतोच. पण बापाशी हितगुज करायचं तर मायबोलीच हवी. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने हे ओळखलं. त्याचं मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापलं गेलं.

पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं विलायती चालींवर बसवली. शब्द मराठी, पण सूर परका. ही उणीव रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भरून काढली. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी संसाराची ताटातूट झाली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे मनोमन पटल्यावर त्याही ख्रिस्ती झाल्या. हे सारं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणानं सांगितलं आहे.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. म्हणून त्यांची प्रार्थना अभंगातून आणि भजनातून आली. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटलं. अहमदनगरकडच्या खेड्यांतला शेतकरी टाळ वाजवीत ती गाऊ लागला. १९१७ साली मिशनचं वेतन सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. १९१९ साली ते वारले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. त्यांची गीतं मराठी उपासनेत आजही गातात.

गुरुजी, शाळेतली सकाळची प्रार्थना संपली की मुलांना एवढंच विचारा, “देवाकडे काय मागितलंस?” आणि थोडं थांबून हेही विचारा, “उठल्यावर तू कुणाशी अबोला सोडणार आहेस?”